एक सर्व्हर, वीस माणसं आणि एकच वर्ड

आपल्या लॅपटॉपवर वर्ड-एक्सेल बसवताना आपण फारसा विचार करत नाही. सेटअपवर डबल क्लिक, थोडा वेळ थांबायचं, ईमेल आयडी टाकायचा, झालं. त्यामुळे "आता बरेच जण बाहेरून काम करणार आहेत, तर ऑफिस सर्व्हरवरच टाका, सगळे तिथे लॉगिन होतील," असं कुणी सांगितलं की ते तासाभराचं काम वाटतं. बसवण्याचं काम खरंच तेवढंच असतं. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. एकाला वर्ड दर वेळी परवाना मागतं. दुसरीची मेलखालची सही नाहीशी होते. तिसऱ्याला फाइल उघडताना "ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे" असं दिसतं, आणि ते दुसरं कुणीतरी म्हणजे तो स्वतःच असतो.

मी ही कामं बरीच वर्षं करतो आहे. या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. संगणकावरच्या काही गोष्टी यंत्राच्या असतात आणि काही माणसाच्या. लॅपटॉपवर यंत्र एक आणि माणूसही एक, म्हणून हा फरक जाणवतच नाही. सामायिक सर्व्हरवर यंत्र एक आणि माणसं वीस. तिथे प्रत्येक गोष्टीबद्दल विचारावं लागतं: ही सगळ्यांची की एकाची? प्रोग्रॅम सगळ्यांचा. परवाना? मेलबॉक्स? फाँट? तात्पुरत्या फाइली? या प्रश्नांची उत्तरं आधी ठरवली तर पुढचं काम सोपं होतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरण विंडोज सर्व्हर आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं घेतलं आहे, कारण बहुतेक ठिकाणी हीच जोडी असते.

नेमकं चालतं कुठे?

आधी चित्र स्पष्ट करून घेऊ. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरला जोडले गेलात की वर्ड तुमच्या लॅपटॉपवर चालत नाही. ते सर्व्हरच्या प्रोसेसरवर आणि सर्व्हरच्या मेमरीत चालतं. तुमच्याकडे येतं ते फक्त पडद्याचं चित्र, आणि तुमच्याकडून जातात त्या कळा आणि माउसच्या हालचाली. लॅपटॉप दहा वर्षं जुना असला तरी काम चालतं ते यामुळेच, आणि इंटरनेट अडखळलं की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं तेही यामुळेच.

सर्व्हरवर प्रत्येकाचं काम वेगळ्या सेशनमध्ये चालतं. सेशन म्हणजे एका छपराखालचं स्वतंत्र बिऱ्हाड. डिस्कवर वर्डची प्रत एकच, पण वीस जणांनी ते उघडलं तर वर्डच्या वीस प्रक्रिया चालू होतात. प्रत्येकीच्या उघड्या फाइली वेगळ्या, सेटिंग वेगळी. ही कल्पना जुनी आहे. सिट्रिक्स कंपनीने विनफ्रेम 1995 मध्ये आणलं. मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी 4.0 टर्मिनल सर्व्हर आवृत्ती 1998 मध्ये आली. विंडोज सर्व्हर 2008 आर2 पासून या सेवेचं नाव 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस', म्हणजे आरडीएस, असं झालं. तरी या कामातले लोक अजून 'टर्मिनल सर्व्हर' असंच म्हणतात.

इथे एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकायला हवा. कोणत्याही विंडोज सर्व्हरला एका वेळी दोन जण रिमोटने जोडले जाऊ शकतात, तेही वेगळ्या परवान्याशिवाय. ते पाहून काही जण समजतात की सोय तयारच आहे, फक्त दोनाचे वीस करायचे. पण ती दोन सेशन सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांसाठी असतात, रोजच्या कामासाठी नाहीत. वीस जणांना काम करू द्यायचं असेल तर सर्व्हरवर 'रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट' ही भूमिका बसवावी लागते. ती डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या खात्यांची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर, बसवू नका. सगळ्यांचे पासवर्ड ज्या यंत्रावर आहेत, त्याच यंत्रावर सगळ्यांना ब्राउझर आणि मेल उघडू देणं हा नसता धोका आहे.

आधी भूमिका, मग ऑफिस

क्रम महत्त्वाचा आहे. सेशन होस्टची भूमिका आधी बसवायची, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि मगच ऑफिस बसवायचं. यंत्रावर एकच माणूस आहे असं धरून बसवलेला प्रोग्रॅम, नंतर यंत्र अनेकांचं झालं की अडखळू शकतो.

असं का होतं हे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम जिथे आपली सेटिंग लिहून ठेवतात त्या नोंदवहीतून, कळतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत दोन मोठ्या शाखा आहेत. 'लोकल मशीन' यंत्राची आणि 'करंट युजर' आत्ता लॉगिन असलेल्या माणसाची. नीट लिहिलेला प्रोग्रॅम सगळ्यांना लागणारी माहिती पहिल्या शाखेत ठेवतो. जुने किंवा घाईत लिहिलेले सेटअप मात्र दुसऱ्या शाखेत लिहून मोकळे होतात. बसवताना लॉगिन कोण असतं? ॲडमिनिस्ट्रेटर. मग ती सेटिंग त्याच्याच नावावर राहतात आणि बाकीच्या एकोणीस जणांना प्रोग्रॅम अर्धवट मिळतो.

यावर विंडोजमध्ये 'इन्स्टॉल मोड' आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'चेंज युजर' लिहून पुढे तिरकी रेघ आणि 'इन्स्टॉल' दिलं की सर्व्हर त्या अवस्थेत जातो. या वेळात सेटअपने ॲडमिनिस्ट्रेटरच्या शाखेत जे लिहिलं, त्याची एक सावली-प्रत विंडोज लोकल मशीनच्या शाखेत बाजूला ठेवतं. पुढे एखाद्याने तो प्रोग्रॅम उघडला की त्या प्रतीतून त्याच्या शाखेत हवं ते आणून दिलं जातं. सेटअप संपलं की त्याच कमांडला 'एक्झिक्यूट' जोडून सर्व्हर नेहमीच्या अवस्थेत परत आणायचा. हे परत आणणं विसरू नका. सर्व्हर इन्स्टॉल मोडमध्येच राहिला तर तुम्ही सहज बदललेलं सेटिंगही सावली-प्रतीत जाऊन बसतं. सर्व्हर कोणत्या अवस्थेत आहे हे 'क्वेरी' जोडून बघता येतं.

एमएसआय प्रकारची सेटअप, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बसणारी, विंडोज स्वतःच नीट हाताळतं, आणि आजचं ऑफिस ज्या क्लिक-टू-रन पद्धतीने येतं तेही मुळातच यंत्रासाठी बसतं. त्यामुळे नुसत्या ऑफिसपुरती इन्स्टॉल मोडची मोठी गरज उरलेली नाही. पण ऑफिसला जोडलेली हिशेबाची ॲड-इन (ऑफिसच्या आत चालणारे जोड-प्रोग्रॅम), जुनं पीडीएफ बनवणारं साधन, शब्दकोश यांना ती असते. मी सवयीने दर वेळी वापरतो. खर्च दोन ओळींचा आहे.

परवान्याची गाठ

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे जातो, म्हणून जरा थांबून बघू.

सामायिक सर्व्हरवर परवान्याचे तीन वेगळे थर असतात. पहिला विंडोज सर्व्हर वापरण्याचा परवाना. दुसरा त्या सर्व्हरवर रिमोट सेशन उघडण्याचा, म्हणजे आरडीएस कॅल. तिसरा ऑफिसचा. एक असला म्हणून दुसरा मिळत नाही. "आम्ही ऑफिसचे वीस परवाने घेतले आहेत, मग हे आणखी काय?" हा प्रश्न दर वेळी येतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण खरेदी करताना हे तिन्ही थर त्याला कुणी एकत्र मांडून दाखवलेले नसतात.

आरडीएस कॅल दोन प्रकारची असते, माणसागणिक किंवा उपकरणागणिक. एकच माणूस लॅपटॉप, फोन आणि टॅबलेटवरून जोडला जाणार असेल तर माणसागणिक सोयीची. एकाच संगणकावर तीन पाळ्यांमध्ये तीन माणसं बसत असतील तर उपकरणागणिक. मात्र माणसागणिक कॅलसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था, लागतं. डोमेन नसलेल्या सर्व्हरवर ती लावली तर विंडोज सर्व्हर 2019 आणि पुढच्या आवृत्त्यांत, सेशन 60 मिनिटांनी बंद होणार असल्याची सूचना येते आणि ते खरोखरच बंद होतं.

आता 120 दिवसांचं. सेशन होस्टची भूमिका बसवल्यावर परवाना सर्व्हर (आरडीएस कॅल वाटणारी सेवा) न जोडताही 120 दिवस सगळं सुरळीत चालतं. ही सवलत मांडणी करायला वेळ मिळावा म्हणून असते, पण प्रत्यक्षात लोक तिला विसरतात. मी एका ठिकाणी नवीन असताना हेच घडलं होतं. आधी कुणीतरी सर्व्हर उभा केला होता, चार महिने एकही अडचण आली नव्हती, आणि एका सकाळी एकाही माणसाला आत जाता येईना. परवाना सर्व्हर उपलब्ध नाही एवढंच पडद्यावर येत होतं. अशा वेळी रिमोट डेस्कटॉप 'ॲडमिन' पर्याय देऊन उघडलं तर देखभालीच्या सेशनमधून आत जाता येतं, मी तसाच गेलो. पण तोपर्यंत कितीतरी जणांची सकाळ वाया गेली होती. तेव्हापासून सर्व्हर उभा करतो त्याच दिवशी परवाना सर्व्हर जोडतो आणि परवान्याचा प्रकार निवडतो.

आता ऑफिसचा परवाना. दुकानात मिळणारी किंवा नव्या लॅपटॉपबरोबर येणारी किरकोळ प्रत टर्मिनल सर्व्हरवर चालत नाही. ही प्रत टर्मिनल सर्व्हिसेस चालू असलेल्या यंत्रावर वापरता येणार नाही, असं ती सरळ सांगते. मग दोन रस्ते उरतात.

पहिला रस्ता व्हॉल्यूम परवान्याचा. ऑफिस एलटीएससी 2021 किंवा 2024 या आवृत्त्या एकदा घ्यायच्या आणि केएमएस किंवा एमएके पद्धतीने सक्रिय करायच्या. एमएकेमध्ये यंत्र एका किल्लीने थेट मायक्रोसॉफ्टकडून सक्रिय होतं. केएमएसमध्ये तुमच्याच नेटवर्कमधला एक सर्व्हर सक्रियता देतो. ही सक्रियता 180 दिवस टिकते आणि यंत्र दर 7 दिवसांनी तिचं नूतनीकरण करायचा प्रयत्न करतं. पण ऑफिससाठी केएमएस सर्व्हरकडे किमान 5 यंत्रांनी मागणी केल्याशिवाय तो कुणालाच सक्रिय करत नाही. एकाच सर्व्हरवर ऑफिस बसवून केएमएसची वाट बघत बसणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. त्यांच्यासाठी एमएके बरी. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते: हा परवाना उपकरणाचा असतो. सर्व्हरवर एक प्रत बसवली म्हणून एक परवाना पुरत नाही. ज्या ज्या उपकरणावरून ते ऑफिस वापरलं जाणार, त्या प्रत्येकासाठी परवाना लागतो.

दुसरा रस्ता मायक्रोसॉफ्ट 365 च्या वर्गणीचा. इथे परवाना माणसाचा असतो. नेहमीच्या सक्रियतेत एक माणूस पाच संगणकांवर ऑफिस बसवू शकतो आणि प्रत्येक संगणक त्या पाचात मोजला जातो. सर्व्हरवर हे गणित बसत नाही, कारण यंत्र कुणा एकाचं नसतं. म्हणून 'शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन' नावाची सोय आहे. तिच्यात ऑफिस यंत्रावर बसतं, पण सक्रिय होतं ते माणसागणिक. तुम्ही सर्व्हरवर पहिल्यांदा वर्ड उघडलं की ते इंटरनेटवरून परवाना सेवेला विचारतं, तुमच्या नावावर वर्गणी आहे का ते पाहतं आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये एक छोटं टोकन ठेवतं. टोकन 30 दिवस चालतं. मुदत जवळ आली की तुम्ही काम करत असतानाच ते गुपचूप नवं होतं. पाचाच्या मोजणीत हा सर्व्हर धरला जात नाही. वर्गणी सापडली नाही तर ऑफिस फक्त वाचण्या-छापण्यापुरतं उरतं, लिहिता येत नाही.

ही सोय सगळ्या योजनांत नाही. ॲप्स फॉर एंटरप्राइज, ई3, ई5 आणि बिझनेस प्रीमियम यांत आहे. नुसत्या ॲप्स फॉर बिझनेसमध्ये नाही. वर्गणी घेण्याआधी हे तपासा, घेतल्यावर नाही.

बसवायचं कसं, ते तुलनेने सोपं आहे. संकेतस्थळावरून मिळणारं नेहमीचं सेटअप वापरायचं नाही. मायक्रोसॉफ्टचं 'ऑफिस डिप्लॉयमेंट टूल' घ्यायचं. त्यात एक सेटअप फाइल असते, आणि तिला काय हवं ते एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून द्यायचं: कोणतं उत्पादन, 32 बिट की 64 बिट, कोणती भाषा, अपडेट कोणत्या वाहिनीवरून, कोणते प्रोग्रॅम वगळायचे. याच फाइलमध्ये 'शेअर्ड कॉम्प्युटर लायसन्सिंग' या गुणधर्माला 1 किंमत द्यायची. सगळ्या फाइलमधली ही सर्वांत महत्त्वाची ओळ. मग सेटअप आधी 'डाउनलोड' आणि मग 'कॉन्फिगर' असं दोनदा चालवायचं. एक्सएमएल हाताने लिहायचा कंटाळा असेल तर ती बनवून देणारं मायक्रोसॉफ्टचं पान आहे, पर्याय निवडा आणि फाइल घ्या.

32 की 64? काही अडवत नसेल तर 64. मोठ्या एक्सेल फाइलींना मेमरी पुरते. पण एखादं जुनं ॲड-इन फक्त 32 बिटचं असेल तर ते 64 बिटच्या ऑफिसमध्ये येणारच नाही. त्यामुळे वीसपैकी एकाही माणसाचं काम ज्यावर अडलेलं आहे असं ॲड-इन आहे का, हे आधी विचारून घ्या.

सर्व्हरची आवृत्तीही बघा. विंडोज सर्व्हर 2016 आणि 2019 वर मायक्रोसॉफ्ट 365 चं ऑफिस चालवण्याचा अधिकृत आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. नवं काही उभं करत असाल तर त्यापुढची आवृत्ती घ्या.

माणसाचं सामान कुठे ठेवायचं?

परवान्याचं टोकन माणसाच्या प्रोफाइलमध्ये राहतं असं वर म्हटलं. प्रोफाइल म्हणजे त्या माणसाचं सामान: डेस्कटॉप, सेटिंग, वर्डचा मूळ साचा, मेलखालची सही, शब्दकोशात टाकलेले शब्द, ब्राउझरच्या खुणा. सर्व्हर एकच असेल तर हे सामान त्याच्याच डिस्कवर राहतं आणि फारसा प्रश्न येत नाही. पण दोन सर्व्हर झाले की आज तुम्ही पहिल्यावर जाल, उद्या दुसऱ्यावर. सामान तर पहिल्यावरच राहिलं!

यावरचा जुना उपाय रोमिंग प्रोफाइल. लॉगिन होताना सामान मध्यवर्ती जागेवरून सर्व्हरवर उतरवायचं, लॉगऑफ होताना परत पाठवायचं. सामान वाढलं की लॉगिनला मिनिटंच्या मिनिटं लागतात. शिवाय 'लोकल' नावाचा फोल्डर या प्रवासात नेलाच जात नाही, आणि नेमकं परवान्याचं टोकन आणि आउटलुकची स्थानिक फाइल तिथेच असते. "रोज परवाना मागतं" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. निदान टोकन तरी सामायिक फोल्डरमध्ये ठेवता येईल अशी सोय ऑफिसमध्ये आहे, पण मेलचं काय?

आउटलुक हे या कामातलं सर्वांत अवघड प्रकरण आहे. लॅपटॉपवर ते मेलबॉक्सची प्रत ओएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवतं, म्हणून झटपट चालतं. ही फाइल मूळ मर्यादेनुसार 50 जीबीपर्यंत वाढू शकते. वीस माणसांच्या सरासरी 10 जीबीच्या फाइली धरल्या तरी 200 जीबी झाले. त्या नेटवर्कवर रोज इकडून तिकडे नेणं अशक्य. म्हणून पूर्वी टर्मिनल सर्व्हरवर आउटलुक प्रत न ठेवता थेट जोडणीने चालवत. मेलबॉक्स शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर होता तोवर ते चाललं. मेलबॉक्स इंटरनेटपलीकडे गेल्यावर प्रत्येक क्लिकला वाट बघावी लागू लागली, आणि शोध तर नकोसा झाला.

यातून बाहेर काढलं ते एफएसलॉजिक्सने. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये घेतली. तिची युक्ती मला फार आवडते, कारण ती सरळ आहे. माणसाचं सामान फाइल-फाइल करून हलवायचंच नाही. ते सगळं एका आभासी डिस्कमध्ये, म्हणजे व्हीएचडीएक्स फाइलमध्ये ठेवायचं. ती फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये पडून असते. तुम्ही कोणत्याही सर्व्हरवर लॉगिन झालात की ती डिस्क तिथे जोडली जाते. काहीही उतरवलं जात नाही, त्यामुळे लॉगिन लवकर होतं. विंडोजला आणि आउटलुकला वाटतं की सगळं स्थानिक डिस्कवरच आहे. ओएसटी तिच्यात, टोकन तिच्यात, सहीसुद्धा तिच्यात. आरडीएस कॅल असेल तर एफएसलॉजिक्स वापरायचा हक्क त्यातच मिळतो, वेगळे पैसे नाहीत.

तीन गोष्टी सांभाळा. डिस्कची मूळ कमाल मर्यादा सुमारे 30 जीबी असते, मोठ्या मेलबॉक्सवाल्यांसाठी ती आधीच वाढवा. अँटिव्हायरसला या डिस्क फाइली तपासण्यातून वगळायला सांगा, नाहीतर लॉगिन रेंगाळतं. आणि फोल्डरवरचे हक्क असे द्या की प्रत्येकाला फक्त आपलीच डिस्क उघडता येईल. त्यात माणसाचा अख्खा मेलबॉक्स असतो. याबरोबर आउटलुकला सगळ्या वर्षांचे मेल उतरवू न देता मागच्या काही महिन्यांचेच ठेवायला सांगितलं तर जागेचा ताण एकदम हलका होतो. जुने मेल मूळ मेलबॉक्समध्ये असतातच, शोधले की मिळतात.

वनड्राइव्हबद्दल एवढंच: ते मुळात प्रत्येक माणसाच्या प्रोफाइलमध्ये वेगळं बसतं. सर्व्हरवर त्याचं सेटअप 'ऑल युजर्स' पर्याय देऊन चालवा, आणि फाइली मागितल्यावरच उतरतील अशी सोय चालू ठेवा.

फाँटचंही असंच आहे, आणि देवनागरीत काम करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून फाँट नुसता बसवला तर तो बसवणाऱ्या माणसापुरताच बसतो. ॲडमिनिस्ट्रेटरला कागद छान दिसतो आणि बाकीच्यांकडे दुसरंच अक्षर येऊन ओळी पुढे-मागे सरकतात. फाँटवर राइट क्लिक करून 'सगळ्यांसाठी बसवा' निवडायचं.

शेजाऱ्याचा त्रास

एकाच यंत्रावर वीस जण म्हटले की एकाच्या कामाचा भार दुसऱ्यावर पडतो. एक्सेल 2007 पासून आकडेमोड करताना यंत्राचे सगळे कोर वापरतं. लॅपटॉपवर हे वरदान आहे. सर्व्हरवर एकाने हजारो सूत्रांची फाइल उघडली की बाकीच्यांचं टायपिंग अडखळतं. विंडोज सर्व्हर सेशनांमध्ये प्रोसेसरची समान वाटणी करायचा प्रयत्न करतो, 2012 आवृत्तीपासून डिस्क आणि नेटवर्कचीही करतो, आणि त्याने बराच फरक पडतो. तरीही भार फारच वाढला तर एक्सेलला किती कोर वापरू द्यायचे ते सेटिंगमध्ये ठरवता येतं.

ऑफिसमधली हार्डवेअर ग्राफिक्सची सोय, सरकत्या खिडक्या, उमटत्या-विरत्या हालचाली हे ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांतून, बंद करा. सर्व्हरला बहुतेकदा ग्राफिक्स कार्ड नसतं, आणि प्रत्येक हालचालीचं चित्र नेटवर्कवरून पाठवावं लागतं. मेमरी किती घ्यायची याचं एक आकडी उत्तर मी देत नाही. तीन-चार खऱ्या माणसांना एक दिवस खरं काम करू द्या, टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येकामागे किती जाते ते बघा आणि गुणाकार करा. आउटलुक आणि ब्राउझर मिळून बहुतेक वेळा वर्ड-एक्सेलपेक्षा जास्त खातात.

आता माणसांच्या सवयी. तंत्रापेक्षा यांनीच जास्त गोंधळ होतो, आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण कुणी सांगितलेलं नसतं. रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली की लोकांना वाटतं आपण बाहेर पडलो. प्रत्यक्षात फक्त जोडणी तुटते. सेशन सर्व्हरवर तसंच चालू राहतं, वर्ड उघडं, फाइल उघडी. ऑफिस फाइल उघडताना तिच्या शेजारी एक छोटी लपलेली फाइल बनवतं आणि तिच्यात उघडणाऱ्याचं नाव ठेवतं. ती असेपर्यंत दुसऱ्याला ती फाइल फक्त वाचता येते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी फुली मारून गेलेल्या माणसामुळे शनिवारी सहकाऱ्याचं काम अडतं. तोच माणूस पुढे दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन झाला तर त्याची स्वतःची फाइलही त्याला अडवते. लोकांना 'साइन आउट' करायला शिकवा, आणि तुटलेली सेशन ठरावीक तासांनी बंद होतील अशी मर्यादा घाला. ती फार कमी ठेवू नका. ज्याचं इंटरनेट पाच मिनिटं गेलं त्याचं जतन न केलेलं काम त्यात जायला नको.

दुसरी सवय फाइल जतन करण्याची. "मी डेस्कटॉपवर ठेवली होती, आता दिसत नाही." कुठल्या डेस्कटॉपवर? त्यांनी ती सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवलेली असते आणि शोधत असतात लॅपटॉपच्या. दोन्ही पडदे सारखे दिसतात, म्हणून सर्व्हरच्या डेस्कटॉपची पार्श्वभूमी ठळक वेगळ्या रंगाची करणं हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दार कुठून उघडायचं?

बाहेरून लोक येणार म्हणून 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका. हे मी कळकळीने सांगतो. मे 2019 मध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय दुरून शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, इतकं ते गंभीर होतं. त्रुटी नसली तरी उघड्या पोर्टवर पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न अखंड चालू असतात. व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची सुरक्षित खासगी वाट) वापरा किंवा 443 पोर्टवरून चालणारं रिमोट डेस्कटॉप गेटवे ठेवा, आणि दोन्हीला दुसऱ्या टप्प्याची ओळख, म्हणजे फोनवरची खात्री, जोडा. सामायिक सर्व्हरवर एकाचा पासवर्ड फुटला तर घुसणारा वीस जणांच्या शेजारी येऊन बसतो.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच हवं का, हाही प्रश्न विचारावा. पत्रं, साध्या सारण्या, पीडीएफ बनवणं एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस सर्व्हरवर आनंदाने चालतं. ते यंत्रासाठी एकदा बसतं, प्रत्येकाची सेटिंग त्याच्या प्रोफाइलमध्ये आपोआप वेगळी ठेवतं आणि माणसागणिक परवाना मागत नाही. आरडीएस कॅल मात्र तरीही लागते, कारण ती सर्व्हरच्या सेशनची आहे. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइली रोज बाहेरून येत असतील तर हा रस्ता धरू नका, त्या नीट चालतील याची खात्री नसते.

अपडेट आणि शेवटची चाचणी

लॅपटॉपवर ऑफिस स्वतःला अद्ययावत करत राहतं. सर्व्हरवर ते दिवसा घडू देऊ नका. अपडेट आपल्या हातात ठेवा. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर एकेक रिकामा करत जा. 'चेंज लॉगऑन' या कमांडला 'ड्रेन' जोडलं की त्या सर्व्हरवर नवी माणसं येत नाहीत आणि आतली आपलं काम संपवून बाहेर पडतात. मग अपडेट करा, रीस्टार्ट करा, तपासा आणि दार पुन्हा उघडा.

तपासणी ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून करू नका. त्याला सगळे हक्क असतात, त्यामुळे त्याच्याकडे सगळं चालतंच. दोन साधी खाती बनवा, दोन वेगळ्या संगणकांवरून एकाच वेळी लॉगिन व्हा. दोघांकडे वर्ड उघडा आणि खात्याच्या पानावर प्रत्येकाला आपलंच नाव दिसतं का ते बघा. एकाने मेलखाली सही लावावी, फाँटचा आकार बदलावा, एक शब्द शब्दकोशात टाकावा. दुसऱ्याकडे यातलं काहीही दिसायला नको. दोघांनी एकच सामायिक फाइल उघडावी आणि दुसऱ्याला पहिल्याचं नाव दाखवणारी सूचना येते का ते पाहावं. मग दोघांनीही साइन आउट करून पुन्हा आत यावं, दोन सर्व्हर असतील तर अदलाबदल करून. सही, फाँट, शब्द जागेवर आहेत आणि परवाना पुन्हा विचारला गेला नाही, तर वीस जणांना सोमवारी आत यायला सांगा.